मुक्कामाचं काही ठरेना

८ डिसेंबर २०२५, सोमवार

इमॅजिकाला, म्हणजे खोपोलीजवळच्या त्या मोठ्या पाळण्यांच्या पार्कला, जायचं ठरून पंधरा दिवस झाले. तारीख ठरली, २६ डिसेंबर, शुक्रवार. गाडीचं सर्व्हिसिंग झालं. धाकट्याने दाराच्या चौकटीला पाठ लावून तीनदा उंची मोजून घेतली, त्यातल्या दोनदा टाचा वर होत्या. राहायचं कुठे, एवढंच काय ते अडलंय.

नवऱ्याच्या मते हा प्रश्नच नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जूनमध्ये सुरू झाल्यापासून त्याला मुंबई म्हणजे नाशिकचं उपनगर वाटायला लागलंय. "पहाटे पाचला निघू, रात्री बाराला घरी. मुक्काम हवाय कशाला?" मी हिशोब मांडला. पार्क उघडणार अकराच्या सुमाराला. संध्याकाळची परेड बघितल्याशिवाय मुलं हलणार नाहीत. म्हणजे निघेपर्यंत साडेआठ. मग दिवसभर पायपीट केलेला माणूस दोनशे किलोमीटर गाडी हाकणार आणि मी शेजारी त्याला झोप येऊ नये म्हणून खारे दाणे सोलून देत बसणार. शिवाय आमण्याच्या पुढे कल्याण-शिळफाटा आहेच, तिथे कुठली समृद्धी?

पार्कला लागूनच मोठं हॉटेल आहे. खिडकीतून पाळणे दिसतात म्हणे. मोठीने मला त्याचे फोटो इतक्यांदा पाठवलेत की आता तिथला पोहण्याचा तलाव मला आमच्या गच्चीपेक्षा पाठ झालाय. नाताळच्या आठवड्याचं दोन खोल्यांचं भाडं पाहिलं आणि फोन उपडा ठेवून भाजी चिरायला गेले. भाडं एक वेळ सोडा. आई म्हणजे सासूबाई, वय ७४, गुडघे कुरकुरतात. माझा बेत असा की त्या दुपारपर्यंत खोलीत निवांत राहतील, मग त्यांना चारला आत नेऊ. मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "खोलीत ठेवायला मी काय बॅग आहे?"

विषय संपला.

१० डिसेंबर, बुधवार

लोणावळा रद्द. ऑफिसातल्या एकीने बंगला सुचवला होता, सहा जणांत भाडं परवडतं म्हणे. पण नाताळच्या सुट्टीत सकाळी बोरघाट उतरायचा आणि रात्री थकलेल्या पोरांना घेऊन पुन्हा चढायचा, त्याच वेळी अर्धी मुंबई त्याच घाटात. चिक्की नाशिकलाही मिळते.

उरलं पनवेल. ताईंचं घर. ताई म्हणजे माझी नणंद (वन्सं म्हणायची पद्धत आमच्याकडे माझ्या आधीच संपली, त्याबद्दल मी आभारी आहे). पनवेलहून पार्क तासाभराच्या आतबाहेर. पैशाचा प्रश्न नाही, आईंना लेक भेटेल, मुलांना आत्या. नवरा तर म्हणाला, पनवेलला बहीण असताना लॉजवर राहिलो तर ती वर्षभर बोलेल. खरंय. बोलेलच.

आणि तरी माझं मन घेत नव्हतं. का, ते रात्री भांडी लावताना लक्षात आलं.

१९९४ च्या मे महिन्यात आम्ही एस्सेलवर्ल्डला गेलो होतो. मी नऊ वर्षांची. तेव्हा ते सुरू होऊन पाचच वर्षं झाली होती आणि टीव्हीवरच्या जाहिरातीतली मुलं तिथून घरी यायलाच तयार नसायची. उतरलो होतो माझ्या आत्याकडे, बोरिवलीला, दोन खोल्यांत. आम्ही पाच, काकांचे चार. गोराईच्या धक्क्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडायची, हेच आम्हाला अर्धं एस्सेलवर्ल्ड वाटलं होतं. रात्री परत आलो तर आत्याने पिठलं-भात आणि ठेचा करून ठेवलेला. सगळे भिंतीला टेकून जेवलो. मग गॅलरीत गाद्या.

आज सहज आत्याला फोन लावला. तिला सगळं आठवतं. नळाला पहाटे पाणी यायचं, नऊ जास्तीच्या माणसांसाठी तिने शेजारणीचे दोन पिंप मागून आणले होते. मी विचारलं, "आत्या, तू कुठल्या पाळण्यात बसली होतीस गं? मला आठवतच नाही."

"मी कुठे आले होते? तुम्ही गेल्यावर धुणं होतं ना."

हसत म्हणाली. खाडीच्या अलीकडे तिचं सगळं आयुष्य गेलं, पण एस्सेलवर्ल्ड तिने पाहिलेलं नाही. पाहुणे मात्र दरवर्षी यायचे, खास तेवढ्यासाठी.

मी दादालाही फोन केला. त्याला डास आठवतात आणि सकाळची संडासाची रांग. पुरुषांच्या आठवणी.

१३ डिसेंबर, शनिवार

ताईंना फोन केला, पण येतोय असं सांगायला नाही. आधी विचारलं, "तुम्ही इमॅजिका पाहिलंय का?"

"अगं आमच्याकडून किती जण जातात! ह्यांचे सोलापूरचे भाऊ गेले, माझ्या जावेची मुलं गेली, मागल्या वर्षी ऑफिसमधले कोण कोण..."

"तुम्ही?"

"मला कुठे ते गरगर फिरायला?"

पार्क २०१३ साली सुरू झालं. म्हणजे बारा वर्षं ताई तिथे जाणाऱ्यांचे डबे भरतायत, आल्यावर चपला मोजतायत आणि उशिरा येणाऱ्यांसाठी आमटी गरम करतायत. माहेरपणाला नाशिकला येतात तेव्हाही काही वेगळं नसतं. पहिल्या दिवशी मी त्यांना ओट्यापाशी येऊ देत नाही, दुसऱ्या दिवशी त्या येतात, तिसऱ्या दिवशी मीच विचारते, "ताई, भरल्या वांग्याचा मसाला तुम्हीच करता का?"

मग मला सुचलं ते नवऱ्याला सांगितलं. आपण ताईंकडे राहायला जायचं नाही. ताईंनी आपल्याकडे राहायला यायचं, लॉजवर. तो मिनिटभर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "ताई आणि लॉज?"

आता लॉज कुठला, हे आईंनी ठरवलं, तेही न विचारता. दुपारी त्या कालनिर्णय घेऊन बसल्या होत्या. नकाशा मोठीच्या फोनवर. पार्क आहे खोपोली-पाली रस्त्यावर. एका बाजूला खोपोलीजवळ महडचा वरदविनायक, दुसऱ्या बाजूला पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकातले हे दोन, आणि मध्ये हा रोलर कोस्टर. महड झालंय आईंचं, पाली राहिलीय. बाबा असताना दोनदा ठरलं होतं, दोनदा बारगळलं. "संक्रांतीच्या आत गेलं तर बरं," म्हणाल्या. "दक्षिणायनात तिथे उगवतीचं ऊन थेट मूर्तीवर येतं म्हणतात. पण त्याला पहाटे तिथे असायला हवं."

म्हणजे त्यांचं गणित झालेलंच होतं. मीच त्यांना पंधरा दिवस खोलीत कुठे बसवायचं याचा विचार करत होते.

पालीहून पार्क २५-३० किलोमीटर. घाट नाही, टोल नाही. पहाटे दर्शन, आधी धुंडीविनायकाचं मग बल्लाळेश्वराचं, तो क्रम आईंनी दोनदा बजावला. नाश्ता करून अकराला फाटकावर. रात्री परत पाली. शनिवारी सकाळी ताईंना पनवेलला सोडून नाशिक. गुरुवार आणि शुक्रवार, दोन रात्री.

१४ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस फोनवर गेला. भक्तनिवास चालला असता, पण कमोड हवाच, त्यावर माझी तडजोड नाही. फोन करताना देवळापासून किती लांब, गाडी कुठे लावायची, हे सगळं नंतर, आधी एकच प्रश्न, "संडास कसला आहे?" एका ठिकाणी हो म्हणाले आणि फोटो मागितला तर भलताच आला. दुसऱ्या ठिकाणी बाई मोकळी बोलली. तळमजल्यावर दोन खोल्या, कमोड दोन्हीत, गरम पाणी सकाळी सहा ते आठ, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. मला ते "आदल्या दिवशी सांगा" फार आवडलं. खोटं बोलणारी माणसं "सगळं मिळेल" म्हणतात. आगाऊ रक्कम पाठवून टाकली.

मोठी रुसली. तलाव नाही, खिडकीतून पाळणे नाहीत. तिचं बरोबर आहे, तिच्या वयात मीही रुसले असते. तिला सांगितलं की देवळात चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर अर्पण केलेली परदेशी घंटा आहे. तिने विचारलं, "आणि वायफाय?" धाकट्याला फक्त सलीमगढमध्ये, म्हणजे पार्कातल्या भुतांच्या किल्ल्यात, भूत खरं आहे का ते हवंय. खरं असेल तर तो येणार नाही, खोटं असेल तरी येणार नाही, असं त्याने जाहीर केलंय. आईंनी मात्र स्वतःहून विचारलं की तिथे बसूनच बघण्यासारखं काय काय आहे. आय फॉर इंडियाबद्दल सांगितलं, खुर्चीत बसवतात आणि पाय अधांतरी ठेवून सगळा देश वरून दाखवतात. "काशी दाखवतात का?" म्हणाल्या. आता हे मला तिथे जाऊनच कळेल.

ताईंना दुपारी सांगितलं. आधी सरळ नाही म्हणाल्या. ह्यांच्या जेवणाचं काय, दूधवाला, कुंड्या. मग, "माझ्या घराला काय झालंय?" त्याला मी तयार होते. म्हटलं, घराला काही झालं नाही, पण आईंनी लेकीबरोबर दोन रात्री एका खोलीत झोपायचं ठरवलंय आणि स्वयंपाकघर तिथे नाहीच. पलीकडे बराच वेळ शांतता. मग नवऱ्याने फोन घेतला आणि फार काही न बोलता एवढंच म्हणाला, "ताई, ये गं."

पनवेलहून खोपोलीला एसटीने येणार आहेत, गुरुवारी दुपारी, तिथून आम्ही त्यांना गाडीत घेऊ. गाडीत सात माणसं होणार नाहीत ना, सहाच ना, हे तीनदा मोजलं. सहाच. डिक्कीत आईंची काठी, पाण्याची कॅन आणि ताई आणणार आहेत तो डिंकाच्या लाडवांचा डबा. नको म्हणून सांगितलं होतं. तेवढं त्यांनी ऐकलं नाही.

रात्री दहाला पुन्हा ताईंचाच फोन. आवाज बारीक, बहुधा घरातले झोपले होते.

"अगं, तिथे सकाळचा चहा आपण खाली जाऊन प्यायचा, की खोलीत येतो?"

"सांगितला तर खोलीत येतो."

"आणि कप?"

"कप तेच घेऊन जातात, ताई."

"बरं," म्हणाल्या, आणि तरी फोन ठेवला नाही.