आधी काटा, मग पाटा

कन्नडहून चाळीसगावला उतरणारा औट्रम घाट आमच्या गॅरेजपासून जवळच. २०११ साली चाळीसगाव रोडला पत्र्याची शेड टाकली तेव्हा हिशेब साधा होता. घाट चढून वर आलेली गाडी धापा टाकत असते आणि तिचा मालक चिडलेला असतो, दोघांनाही सावली लागते. त्याआधी सहा वर्षं मी तेव्हाच्या औरंगाबादेत एका चाचांच्या हाताखाली डिझेल इंजिनं खोलत होतो. भांडवल म्हणजे पान्यांची पेटी, एक चेन पुली आणि आईच्या पाटल्या गहाण ठेवून आलेले पैसे. पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली. आई तो विषय अजून काढते.

गिऱ्हाईक पिकअपवालं. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, शिवाय छोटा हत्ती. माल आमच्या भागातला: अद्रक, कांदा, मका, भाजीपाला. आणि मागणी पहिल्या दिवसापासून एकच, "घाटात गाडी वढंना झाली, ताकद वाढवून द्या."

सुरुवातीची तीन वर्षं आम्ही मागेल ते बसवून दिलं. बोनेटमध्ये उघडा बसणारा शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर, मोकळा सायलेन्सर, रुंद टायर, छपरावर लाईटची पट्टी. पैसा बरा सुटायचा. त्या उघड्या फिल्टरबद्दल आज मला लाज वाटते. कंपनीचा फिल्टर डब्यात असतो, नळीतून बाहेरची गार हवा घेतो. हा उघडा फिल्टर बोनेटमधली तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे इंजिनाला ऑक्सिजन कमी. त्यात एप्रिल-मेमधली आमच्या कच्च्या रस्त्यांची धूळ. तेल लावलेला फिल्टर असेल तर ते तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं आणि गाडी आणखीच अडखळते. सायलेन्सर बदलून आवाज तेवढा मिळायचा. पण आवाज वाढला की माणसाला गाडी पळाल्यासारखी वाटते, आणि समाधानाचे पैसे तो आनंदानं देतो.

सगळ्यात जास्त पाटे खपायचे, म्हणजे चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या. "मागून गाडी बसती, दोन पाटे चढवा." आम्ही चढवायचो.

२०१४ च्या थंडीत एक अण्णा अद्रक घेऊन घाट उतरत होते. त्यांच्या गाडीला आदल्याच महिन्यात आम्ही दोन जादा पाटे बसवले होते. पासिंग, म्हणजे कागदोपत्री मंजूर माल, दीड टनाचं, माल भरला होता २ टन ३४० किलो. अर्ध्या घाटात ब्रेकचं पेडल मऊ पडलं, पुढच्या वळणावर ते पार खाली गेलं. अण्णांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासली आणि नालीत घातली. दरीच्या बाजूला गेली असती तर हे लिहायला मी बसलो नसतो. अण्णांचं मनगट मोडलं, क्लीनर पोराच्या कपाळाला टाके पडले, अद्रक घाटभर सांडलं.

मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. मागची चाकं हाताला जवळजवळ गार. ते मला कळेना. रात्री चाचांना फोन केला. ते म्हणाले, "मागचा लोड वॉल्व्ह बघितला का?"

तो बघितलाच नव्हता. अशा बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक वॉल्व्ह असतो, त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला की चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, खाली बसते, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो. गाडी रिकामी असली की चासी वर असते, तेव्हा दाब कमी जातो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी गरकन फिरेल. आम्ही पाटे वाढवले, त्यामुळे सव्वादोन टनांच्या वर माल भरूनही गाडी मागून ताठ उभी. वॉल्व्हनं तिला रिकामी समजून मागच्या ब्रेकला फारच कमी दाब दिला. जवळजवळ सगळं वजन पुढच्या दोन चाकांनी रोखायचं, तेही घाटाच्या उतारावर. पुढचे ब्रेक तापले, त्यात ब्रेक ऑइल जुनं, पाणी धरलेलं, त्याला उकळी फुटली. पेडलखाली तेलाच्या जागी वाफ.

म्हणजे ओव्हरलोड अण्णांचा होता, पण गाडी बिघडवली आम्ही. अण्णांनी कधी बोल लावला नाही, ते जास्त लागलं. दवाखान्याचा खर्च आम्ही दिला. माझी बायको हिशेब बघते, तिनं त्या महिन्याच्या वहीत तो खर्च 'पाटे' या सदरात लिहिला. तसाच आहे अजून.

त्यानंतर आम्ही नियम केला: ताकदीचं किंवा मालाचं कुठलंही काम घेऊन येणाऱ्यानं आधी नेहमीचा माल भरून जिनिंगच्या वजनकाट्यावर जायचं. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर. दोन पावत्या आणायच्या, पैसे आम्ही देणार. नंबर प्लेट रंगवणाऱ्या पेंटरनं भिंतीवर लिहून दिलं, 'आधी काटा, मग पाटा'. पहिल्या वर्षी निम्मं गिऱ्हाईक तुटलं. शेजारच्या तालुक्यात पाटे चढवून देणारे होतेच की. दोन पोरं कामावर होती, एकाला सोडावं लागलं.

पण पावत्यांनी आम्हाला धंदा शिकवला. कितीतरी गाड्यांचा मालकानं हौसेनं करून घेतलेला जाड पत्र्याचा उंच फाळक्यांचा हौदाच गाडीचं बरंच पासिंग खाऊन बसलेला असायचा. माल हौद्यात मागं रचलेला, त्यानं पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग तरंगायचं. तिथं पार्ट विकायची गरजच नाही, जड पोती केबिनला भिडवून रचा एवढंच सांगायचं. त्याचे पैसे कोण देणार? चहा पाजून जातात.

आणि 'ओढत नाही' म्हणून आलेली गाडी तपासली की बहुतेक वेळा तिची असलेलीच ताकद कुठंतरी गळत असते. गेल्या वर्षी एक भाऊ ऑनलाइन मागवलेला ट्यूनिंग बॉक्स हातात घेऊनच आला, म्हणाला फक्त जोडून द्या. गाडी चालवून बघितली तर चढावर काळा धूर आणि सुईईई असा आवाज. टर्बोतून हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला जाणारी रबरी नळी क्लॅम्पखाली चिरलेली होती. टर्बोनं दाबलेली हवा बाहेर आणि डिझेल मात्र पुरतं आत. नळी बदलली, चोंदलेला एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलला, धरून बसलेला मागचा एक ब्रेक मोकळा केला. बॉक्स त्याला तसाच परत दिला. तो बॉक्स सेन्सरला चकवून जास्त डिझेल ओतायला लावतो. ताकद वाढते, खोटं नाही. पण घाट चढताना एक्झॉस्ट तापतं, टर्बो आणि क्लच प्लेट त्याची किंमत देतात, वॉरंटी जाते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ या धुराच्या कडक मानकाच्या गाड्यांत तर धुराची सगळी यंत्रणाच इंजिनाच्या कॉम्प्युटरला बांधलेली आहे, तिथं हात घातला की डॅशबोर्डवर दिवाळी.

टायरचंही असंच. दिसायला भारी म्हणून २८ इंचांच्या जागी ३० इंच उंचीचं टायर घातलं की प्रत्येक गिअरचा ओढा सुमारे सात टक्क्यांनी घटतो. मीटर आधी ६० दाखवायचा तिथं आता ५६ दाखवतो. घाटात मग दुसऱ्या गिअरचं काम पहिल्यावर येतं आणि मालक पुन्हा आमच्या दारात, "ताकद वाढवा." टायरचा साईज कंपनीचाच ठेवावा आणि कडेचा लोडचा आकडा वाचावा. १०४ म्हणजे एका चाकावर ९०० किलो, ११० म्हणजे १०६०. मागच्या चाकांच्या पावतीला दोननं भागलं की टायर पुरतं की नाही ते तिथंच कळतं.

मग आम्ही बसवतो काय? चांगले ब्रेक लायनर, दर दोन वर्षांनी ताजं ब्रेक ऑइल. डॉट ३ प्रतीचं ऑइल पाणी धरल्यावर १४० अंशांना उकळू शकतं, डॉट ४ ला १५५. फरक थोडा वाटतो, घाटात तो पुरतो. कंपनीनं चालेल म्हटलं असेल तिथं आम्ही डॉट ४ घालतो. बसलेले पाटे काढून मूळ मापाचा सेट, नवे बुश, यू बोल्ट, आणि शेवटी लोड वॉल्व्हची सेटिंग. हेडलाईटला रिलेची वेगळी वायरिंग, म्हणजे त्याच बल्बला पूर्ण करंट मिळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत एलईडी घालावा लागत नाही. साफ केलेला रेडिएटर. शेवटी एक फुकटचा सल्ला, ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिला की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी फारकत घेईल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायदा बदलून जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० झाला. तेव्हापासून लोकांचं भिंतीवरच्या ओळीला हसणं कमी झालं.

लॉकडाऊनचे महिने कसेबसे काढले. पण खरा दणका २०२१ च्या ऑगस्टअखेरचा. एका रात्रीच्या पावसानं घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद. घाटच नाही तर घाटावरच्या गॅरेजला काय काम? ते दिवस आम्ही ट्रॅक्टरचे पंप बांधले. पुढं २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं घाटातून जड वाहनं बंद झाली. ट्रक नांदगावमार्गे वळसा घालू लागले आणि घाटात पिकअपची रांग दिसू लागली. आता आम्ही चौघं आहोत, सोडलेला पोरगाही परत आलाय.

अण्णांचा मुलगा दिवाळीत नवी पिकअप घेऊन आला होता. पाटे नाही मागितले, लाईटच्या पट्टीसाठी मात्र तासभर वाद घातला.

सध्या चाकांखाली ठेवून वजन घ्यायचे पॅड घ्यायचं माझ्या मनात आहे, म्हणजे गिऱ्हाईकाला काट्यावर पिटाळायला नको. बँकेत विचारून आलो. बायकोचं म्हणणं, शेडचे पत्रे आधी. मागच्या पावसात गळून तिची वही भिजली होती. पत्रे आले आहेत, पॅडचं बघू.