एका माणसाचं गाव

फ्रान्सच्या द्रोम जिल्ह्यात डोंगरात रोशफुर्शा म्हणून एक गाव आहे, तिथल्या जनगणनेत कित्येक वर्षं लोकसंख्या लागली होती फक्त 1. एक! तरी ते शेजारच्या गावात विलीन नाही केलं, त्याला स्वतःचं नाव, स्वतःचा मेयर, स्वतःची कौन्सिल. फ्रान्समध्ये अशी छोटी-मोठी जवळजवळ 35 हजार गावं-शहरं आहेत आणि ही व्यवस्था 1789 च्या क्रांतीपासूनची.

तिकडेही डोंगर रिकामेच झालेत. इटलीच्या सीमेजवळचं सँ-व्हेराँ घ्या, 2,000 मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. जुनी घरं बघण्यासारखी आहेत, खाली गुरं आणि माणसं थंडीत एकत्र, वर लाकडी मजल्यावर गवत, आणि आग लागली तर सगळं गाव जळू नये म्हणून वाड्या मुद्दाम एकमेकींपासून लांब लांब. आज तिथे दोनशेच्या आसपास लोक, एकोणिसाव्या शतकात कितीतरी जास्त होते. पोरं शहरात कामाला गेली ती गेलीच, वर पहिल्या महायुद्धाने डोंगरातल्या गावांची तरणी पिढी नेली.

मग एका माणसाच्या गावात मत कोण देतं? तर तिथे घर असलेले आणि सलग दोन वर्षं तिथला स्थानिक टॅक्स भरलेले लोक, राहायला शहरात असले तरी, गावच्या मतदार यादीत नाव घालू शकतात. शहरातलं मात्र सोडावं लागतं, दोन्हीकडे नाही. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

कारण आपलं बघा ना. 2001 ते 2011 मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची चक्क कमी झाली, रत्नागिरी साधारण 17 लाखांवरून 16 लाखांवर आली. ती माणसं कुठे गेली ते परळ, लालबाग, डोंबिवली, विरारला विचारा. आमच्या वाडीतलं घर, कौलं दरवर्षी आम्ही शाकारतो, घरपट्टी वेळेवर भरतो, गणपतीत अंगणात पाय ठेवायला जागा नसते. पण ग्रामपंचायतीला मत देता येत नाही, कायदा सांगतो नुसतं घर असलं म्हणजे तुम्ही तिथले रहिवासी नाही. बरोबर आहे, बारा महिने राहणाऱ्याचाच हक्क आधी, नाहीतर मुंबईवाले येऊन रस्ता कुठून न्यायचा ते ठरवतील. पण घरपट्टी भरणाऱ्या चाकरमान्याला मुंबईचं मत सोडून गावचं घ्यायची मुभा तरी असावी. मी आजच मुंबईचं सोडायला तयार आहे.