पाळणाघराचा दिवस सांध्यांवर उसवतो: माझा अनुभव

मी कॅम्पसवरच्या पाळणाघराचं रोजचं कामकाज बघते. कोणत्या खोलीत कोण ताई, कोण कधी जेवायला जाणार, कोणाचं औषध कितीला, कोणाला न्यायला कोण येणार, हे सगळं माझ्याकडे. खोलीत ताई बसलेली आहे आणि मुलं तिच्या समोर आहेत, तेव्हा सहसा काही बिघडत नाही. बिघडतं ते मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना: सकाळी आईकडून ताईकडे, मग खोलीतून अंगणात, दुपारी एका ताईकडून दुसरीकडे, संध्याकाळी ताईकडून बाबांकडे. माझं नियोजन या सांध्यांभोवती असतं, म्हणून त्याच क्रमाने लिहिते.

कामाला सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. उद्या माणसं किती लागतील हे दिवसाच्या हिशेबाने काढलं की चुकतं; अर्ध्या अर्ध्या तासाने काढावं. मुलांमागे किती ताया हव्यात याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, आपल्याला लागू असलेला आधी बघून घ्यावा. आम्ही तान्ही आणि नुकती चालायला लागलेली मुलं ४ मागे १, तर तीन वर्षांपुढची १० मागे १ असं धरतो. समजा ८ तान्ही, १२ चालती आणि २० मोठी मुलं आहेत. २ अधिक ३ अधिक २, म्हणजे सगळी हजर असताना ७ जणी. इथवर सगळेच करतात. पण या सातजणींना अर्धा अर्धा तास जेवायला सोडायचं, तर साडेतीन तास त्यांच्या जागी कोणीतरी उभं हवं. हे सगळं मुलांच्या झोपेच्या दोन तासांत बसवायचं असतं. एक बदली ताई दोन तासांत चारच जणींना सोडवू शकते, म्हणून त्या वेळेला दोन बदली ताया लागतात. हा हिशेब आधी केला नाही की कोणीतरी उपाशी राहतं किंवा खोलीत एक माणूस कमी पडतं. ‘मुलं झोपलीच आहेत, एकजण कमी असली तरी चालेल’ हे मी चालवून घेत नाही. आगीची घंटा वाजली तर झोपलेल्या मुलांना उचलायला जास्तच हात लागतात.

उघडल्यानंतरचा पहिला तास फसवा असतो. मुलं थोडी म्हणून सगळ्यांना एका खोलीत बसवलं जातं. चार वर्षांची ६ आणि आठ महिन्यांचं १ बाळ असेल, तर त्या खोलीला प्रमाण बाळाचं लागतं, मोठ्यांचं नाही. म्हणजे ७ मुलांना दोघी हव्यात. आम्ही दार उघडतो तेच दोघींनी, एकटीने कधीच नाही.

सोडायला आलेल्या पालकांना तीन प्रश्न ठरलेले: रात्री झोप कशी झाली, शेवटचं दूध किंवा खाणं कितीला झालं, घरी औषध दिलंय का. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. तापाचं औषध देऊन आणलेलं मूल सकाळी टवटवीत दिसतं आणि चार-सहा तासांनी, म्हणजे नेमकं झोपेच्या वेळी, तापाने फणफणतं. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला आणि मूल मलूल असलं की घरी पाठवायचं. उलटी-जुलाब असतील तर थांबल्यानंतर किमान २४ तास घरी, कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. हे नियम प्रवेशाच्या वेळीच लिहून, सही घेऊन ठेवावेत. सकाळी दारात, तासाला उशीर होत असलेल्या माणसाशी त्यावर वाद घालणं दोघांनाही जड जातं.

आता गैरहजेरीचा फोन. माझ्या मते रोजच्या कामात याहून महत्त्वाचं काही नाही. नेहमीच्या वेळेनंतर अर्ध्या तासात मूल आलं नाही आणि निरोपही नाही, तर दोन्ही पालकांना फोन करायचा, आणि कोणीतरी प्रत्यक्ष बोलेपर्यंत थांबायचं नाही. नुसता मेसेज टाकून सोडून द्यायचं नाही. कारण सांगते. कॅम्पसवरचे पालक गाडी लावून सरळ विभागात जातात आणि ती दिवसभर तिथेच उभी असते. मागच्या सीटवर झोपी गेलेलं बाळ विसरलं जाण्याच्या घटना घडतात, त्याही जीव लावणाऱ्या आईबापांकडून, बहुधा रोजचा क्रम बदललेल्या दिवशी. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत धोक्याइतकी तापते. पालकांना वाटतं मूल आमच्याकडे आहे, आम्हाला वाटतं ते घरी आहे. ही गफलत उघडी पाडणारा एकच माणूस असतो, हजेरीचा कागद हातात असलेला.

त्यासाठी नुसता मोबाइल नंबर पुरत नाही. प्रयोगशाळेत किंवा परीक्षेच्या दालनात फोन बंद असतो. सत्राच्या सुरुवातीला मी प्रत्येक पालकाकडून आठवड्याचं वेळापत्रक घेते: कोणत्या दिवशी, कितीला, कोणती इमारत, कोणती खोली, आणि विभागाच्या कार्यालयाचा नंबर. सत्र बदललं की जुने कागद काढून टाकायचे. मागच्या सत्राचं वेळापत्रक फाइलमध्ये राहिलं, तर गरजेच्या वेळी आपण माणूस भलत्याच इमारतीत पाठवतो.

मुलं अंगणात नेताना नुसती डोकी मोजून भागत नाही. बाहेर १० गेली आणि आत १० आली, तरी त्यात शेजारच्या गटातलं एक असू शकतं आणि आपलं एक घसरगुंडीच्या नळीत. म्हणून कागदावरचं नाव वाचायचं, तो चेहरा शोधायचा, मग खूण करायची. हे खोलीतून निघताना, अंगणात पोचल्यावर, परत निघताना आणि खोलीत शिरल्यावर, असं चारदा. एक ताई पुढे, एक सगळ्यात मागे. मागची ताई निघण्याआधी ठरलेल्या चार जागा डोळ्यांनी बघते: नळीच्या आत, खेळघराच्या मागे, सायकलींच्या छपराखाली आणि दाराच्या उघड्या फळीआड. दाराआडची जागा सगळ्यांकडून सुटते, कारण दार उघडं धरणाऱ्या माणसाला त्याच्या मागचं दिसतच नाही. मुलांना मात्र तिथे उभं राहायला फार आवडतं. हजेरी टॅबवर घेत असलात तरी एक कागदी प्रत दारापाशी क्लिपला लावलेली असू द्या. घाईत बाहेर पडताना टॅब चार्जिंगला राहून जातो.

तान्ह्यांच्या खोलीत दुधाचा क्रम पक्का हवा. बाटलीवर नाव आणि तारीख नसेल तर ती दारातच परत. ताजं काढलेलं आईचं दूध फ्रिजमध्ये ४ दिवस चालतं. गोठवलेलं वितळवलं की पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं पावडरचं दूध तासाभराने ओतून द्यायचं, आईचं दोन तासांनी. मायक्रोवेव्हमध्ये कधीच तापवू नये: बाटली हाताला कोमट लागते आणि मधलं दूध तोंड पोळेल इतकं गरम असतं. कोमट पाण्यात बाटली धरायची, हलवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचं. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.

झोपवायचं पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी, दुलई, मऊ खेळणी काहीही सोबत नाही. खोलीत बाळाच्या ओठांचा रंग दिसेल इतका उजेड हवा. पडदे पूर्ण ओढून घेतले की बाळं लवकर झोपतात, म्हणून तायांना तो मोह होतो. दर १५ मिनिटांनी प्रत्येक बाळाचा श्वास बघून वेळ लिहायची. सगळ्या वेळा एकाच पेनाने, एका दमात भरलेल्या दिसल्या की मी त्या ताईशी बाजूला घेऊन बोलते.

डायपर बदलण्याच्या टेबलावर चूक बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात होते. सामान आधी काढून ठेवणं, एक हात कायम बाळावर ठेवणं, मग बाळाचे हातही धुणं, हे सगळं नीट होतं. पुढे जंतुनाशक फवारून लगेच पुसून टाकतात. त्याने जंतू धड मरत नाहीत. आधी साबणाने मळ काढायचा, कारण मळावर जंतुनाशकातलं क्लोरीन वाया जातं. मग फवारायचं आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका पृष्ठभाग ओला राहू द्यायचा. ब्लीचचं पाणी रोज नवीन करायचं, ते ठेवून कमजोर होतं. ताईने २० सेकंद साबणाने हात धुवायचे. उलटी-जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, त्यामुळे तो साबणाची जागा घेऊ शकत नाही.

औषध मूळ डब्यातच, पालकांच्या लेखी संमतीने आणि दोघींच्या नजरेसमोर.

परीक्षेचे आठवडे हे कॅम्पसवरच्या पाळणाघराचं खास दुखणं. अर्धवेळ मदतीला असणारे विद्यार्थी नेमके तेव्हा येऊ शकत नाहीत आणि विद्यार्थी-पालकांना नेमके तेव्हाच जास्त तास हवे असतात. उपाय आधीच करावा लागतो: मदतनीस एकाच विभागातून, एकाच वर्षातून घेऊ नयेत, म्हणजे सगळ्यांचे पेपर एकाच दिवशी येत नाहीत. वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी त्यांच्याकडून पेपरच्या तारखा घ्याव्यात आणि मोकळ्या राहिलेल्या जागा भरून ठेवाव्यात. निरीक्षणाला येणारे विद्यार्थी ही भर नव्हे. ते आमच्या प्रमाणात धरले जात नाहीत, मुलांबरोबर एकटे थांबत नाहीत, त्यांना शौचालयाला नेत नाहीत, आणि एका खोलीत दोनपेक्षा जास्त नसतात. चारजण वह्या घेऊन भिंतीला लागून बसले की लहान मुलं खेळणं सोडून त्यांच्याकडेच बघत बसतात.

देखभाल विभागाकडून दर आठवड्याला यादी मागून घ्या: पाणी कधी बंद, हिरवळीवर फवारणी कधी, समारंभासाठी कोणतं फाटक बंद. ते आपणहून कळवत नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने आपण अनेक इमारतींपैकी एक. आगीचा सराव निदान एकदा तरी झोपेच्या वेळी करा. चाकांचा पाळणा भरून प्रत्यक्ष दारातून बाहेर न्या. रिकामा पाळणा दारातून जातो, पण कोणी दाराशेजारी कपाट ठेवलेलं असेल तर भरलेला वळत नाही, आणि ते सरावातच कळलेलं बरं.

संध्याकाळी मूल नेणाऱ्याचं नाव यादीत असावं आणि पहिल्यांदा भेटत असाल तर ओळखपत्र बघावं, मग तो प्राध्यापक असो की आजोबा. मूल ‘आबा’ म्हणत धावत गेलं, हा पुरावा नव्हे. चावा किंवा पडण्याचा प्रसंग असेल तर पालकांना दारात कळण्याआधी फोनवर कळलेलं असावं. चावणाऱ्या मुलाचं नाव मात्र सांगायचं नाही.

बंद होण्याच्या वेळेनंतर १० मिनिटांनी पालकांना फोन, ३० मिनिटांनी यादीतल्या पुढच्या माणसाला. शेवटचं मूल जाईपर्यंत दोघी थांबतात. मग एकजण प्रत्येक पाळण्यात, शौचालयात, अंगणातल्या त्या चार जागांवर नजर टाकते आणि दुसरी हजेरीच्या कागदावर बोट फिरवते. एखाद्या नावापुढे जाण्याची वेळ लिहिलेली नसेल, तर ‘अगं, तो गेला की मघाशी’ एवढ्यावर कुलूप लागत नाही. पालकांना फोन करायचा, मूल सोबत आहे ना ते विचारायचं, वेळ लिहायची, आणि मगच दिवे मालवायचे.