मोबाइलवर तर स्पष्ट दिसत होता
प्रिंटरमधून कागद बाहेर आला तेव्हा आजोबांचा चेहरा धुरकट, चौकोनी ठिपक्यांचा झालेला होता. "मोबाइलवर तर स्पष्ट दिसत होता," आई म्हणाली, आणि ते खरेच होते.

सहा बाय चार इंचांच्या छपाईला, इंचाला ३०० ठिपके धरले तर, १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. माझ्याकडे उरलेली प्रत मात्र मेसेजमधून फिरत आलेली, जेमतेम ६४० पिक्सेल रुंदीची होती. मूळ फाइल मीच, फोनमधली जागा मोकळी करताना, 'प्रत आहेच की' या भरवशावर पुसून टाकली होती.

त्याच फोनमध्ये एका फुलाचे अकरा फोटो पूर्ण आकारात शाबूत आहेत. (कोणते फूल, तेही आता आठवत नाही.)

तुमच्या जुन्या फोटोंच्या मूळ फाइली नेमक्या कुठे आहेत?