गेल्या जूनमधली गळती

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दूधवाल्याच्या सुट्टीवरून बोलणं चाललेलं असतं आणि मध्येच एक ओळ टपकते : "हो, माझ्याकडे आहे नंबर. देऊ का?" कसला नंबर, कुणाला हवा होता, काही पत्ता लागत नाही. दोघंतिघं "कोणाचा?" म्हणून विचारतात. मग उलगडा होतो की दीड महिन्यापूर्वी बी विंगमधून कुणीतरी प्लंबर आहे का म्हणून विचारलं होतं, आणि काका आज सवडीने ग्रुप वरून खाली वाचत निघालेत. बी विंगमधला नळ केव्हाच दुरुस्त झालाय.

वरून खाली वाचत जो दिसेल त्याला उत्तर देत सुटणारा एक तरी सदस्य प्रत्येक ग्रुपला असतोच. माणूस चांगला असतो, फक्त त्याचं उत्तर जिथे जायला हवं तिथे जात नाही, ते सगळ्यात खाली जाऊन पडतं. गावाहून परतलेल्या मावशी तीनशे न वाचलेल्या मेसेजमधल्या बारशाच्या फोटोंवर "वा वा, अभिनंदन!" टाकतात आणि ते नेमकं कुणाच्या तरी निधनाच्या बातमीखाली जाऊन बसतं. म्हणून पहिला नियम असा की आधी शेवटपर्यंत वाचावं, मग बोलावं. आणि मागच्या मेसेजला उत्तर द्यायचंच तर तो मेसेज बोटाने उजवीकडे सरकवावा म्हणजे तो चौकटीत येतो, मग खाली लिहावं.

ही चौकट मात्र अर्धंच काम करते. तिच्यात मूळ लिहिणाऱ्याचं नाव असतं, पहिल्या दोनतीन ओळी असतात, तारीख नसते. चौकटीवर टिचकी मारली की मूळ मेसेजपाशी जाता येतं, पण मारतंय कोण! त्यामुळे गेल्या जूनमधला "लिफ्टमध्ये पाणी शिरलंय, वापरू नका" हा मेसेज कुणी "याचं पुढे काय झालं?" असं विचारत वर काढला, की पाचव्या मजल्यावरच्या आजी धास्तावून जिन्याने उतरायला लागतात. तारीख आपल्या हाताने लिहायची. "14 जूनचा मेसेज आहे, आजचा नाही", एवढं पहिल्या ओळीत आलं तरी पुरे.

जुन्या मजकुरात आधी नासतात ते आज, उद्या, परवा, येत्या रविवारी हे शब्द. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तो फॉरवर्ड असल्याची खूण येते, मुळात तो कधी लिहिला गेला ते येत नाही. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं तर महापालिका बहुधा गुरुवारच निवडते. त्यामुळे "येत्या गुरुवारी पाणी नाही, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने येईल" हा मेसेज वर्षाच्या कुठल्याही बुधवारी खराच वाटतो. कुणी तो पुन्हा सोडला की घरोघरी पिंप, कळशा, कुकरसुद्धा भरले जातात, आणि गुरुवारी नळाला धो धो पाणी. असा मजकूर पाठवण्याआधी त्यात दिनांक आहे का, एवढं बघायला दहा सेकंद लागतात. दिनांक नसेल तर पाठवू नये.

दुसऱ्या टोकाला शिस्तप्रिय मंडळी असतात. कुणी गॅसच्या पाइपलाइनविषयी विचारलं की यांचं उत्तर तयार : "यावर चर्चा झालेली आहे, वर शोधा." शोधून बघा म्हणावं! शोधपट्टी अक्षरं जुळवते, अर्थ नाही. प्लंबर हा शब्द निम्म्यांनी देवनागरीत लिहिलेला असतो, निम्म्यांनी रोमनमध्ये, त्यातही दोन स्पेलिंगं. सगळी घालून बघावी लागतात. नुसता बिलाचा फोटो टाकला असेल आणि त्याखाली काही लिहिलं नसेल, तर त्या बिलावरचे शब्द टाकून तो सापडेल ही आशा सोडावी, फोटोंच्या यादीत महिना आठवून चाळत बसावं. सापडला तरी वेळच्या वेळी उतरवून घेतला नसेल तर बऱ्याच दिवसांनी तो उघडत नाही, पाठवणाऱ्याकडूनच पुन्हा मागवावा लागतो. जो नंतर ग्रुपमध्ये आला त्याच्याकडे तर आधीचं बोलणं आपोआप येतच नाही. नव्या भाडेकरूला "वर शोधा" सांगणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. ज्याला ठाऊक आहे त्यानेच जुना मेसेज चौकटीत धरून पुढे करावा.

मग वर काय काढावं आणि नव्याने काय मांडावं? वस्तू तीच असेल, तर जुनंच वर काढणं शहाणपणाचं. तोच पंप, तीच लिफ्ट, त्याच गच्चीची गळती. मागे काय केलं होतं ते समोर राहतं. पैसे, दर, माणसं बदलली असतील तर नवा मेसेज लिहावा आणि जुन्याचा उल्लेख ओळीभर करावा. वर काढताना हातात काहीतरी नवं हवं. "मग काय ठरलं?" हे नवं नव्हे. सहसा ग्रुप म्यूट केलेला असला तरी आपल्या मेसेजला कुणी उत्तर दिलं की फोन वाजतो, तेव्हा रात्री अकराला सेक्रेटरींचा गेल्या वर्षीचा मेसेज धरून असली पृच्छा करू नये. आणि ज्याला उत्तर देतोय तो माणूस अजून सोसायटीत, किंबहुना या जगात, आहे ना, तेही बघून घ्यावं.

भांडणांची गोष्ट वेगळी. पार्किंगच्या वादाचा जुना स्क्रीनशॉट टाकून "हे कोण म्हणालं होतं?" असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, प्रेक्षक हवे असतात. त्यावर ग्रुपात शब्दही लिहू नये, त्या माणसाला वेगळा फोन करावा. खरोखर निर्णयच फिरवायचा असेल तर त्याची जागा सभा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत यावर चांगली तोड आहे : सर्वसाधारण सभेचा ठराव रद्द करणारा नवा ठराव सहा महिने उलटल्याशिवाय आणता येत नाही. ग्रुपवरचा निर्णय सहा मिनिटांत फिरतो. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून गणपती आटोपले की गाडलेले विषय एकेक करून उठतात. तेव्हा ते अजेंड्यावर जावेत, तिथे निदान इतिवृत्त लिहिलं जातं.

खरी उणीव शेवटच्या मेसेजची असते. तक्रार सगळे लिहितात, काम झाल्याचं कुणी लिहीत नाही, म्हणून तोच विषय पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवतो. काम करून घेणाऱ्याने शोधताना जे शब्द टाकले जातील ते सगळे घालून चार ओळी टाकाव्यात : "गच्ची गळती, वॉटरप्रूफिंग. 14 जूनची तक्रार. काम 3 नोव्हेंबरला पूर्ण. पाण्याच्या टाकीजवळचा सांधा फुटला होता. हमी 5 वर्षं, बिल ऑफिसच्या फायलीत." मग हा मेसेज पिन करावा, पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकते. त्याच्याखाली अंगठ्यांची रांग लागेल, आणि एक तरी जण विचारेल, "कुठली गळती?"