डबा नव्हे, दाढ

माझं डायलिसिस सोम-बुध-शुक्र, पहाटेची पाळी. नाशिकच्या इंदिरानगरहून साडेपाचला रिक्षा आणि मग चार तास मशीनवर. आता तीन वर्षं होतील. सुया, पाणी मोजून पिणं, सगळं अंगवळणी पडलं होतं. गाडी अडली ती अल्ब्युमिनपाशी, म्हणजे रक्तातल्या एका प्रोटीनपाशी.

गेल्या वर्षीच्या रिपोर्टात ते २.९ आलं. ४ च्या आसपास हवं. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, "ताई, प्रोटीन कमी पडतंय." त्यात तथ्य होतं. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी दोन वर्षं मला डाळ, पनीर, सगळं मोजूनमापून खायला सांगितलेलं, आणि तीच सवय हाडात मुरलेली. मशीनवर चढल्यावर हिशेब उलटतो हे मी ऐकलं होतं, पण घास काही वाढला नव्हता. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं. माझं वजन ५० किलो, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. शिवाय रक्त धुताना दर खेपेला काही ग्रॅम अमिनो ॲसिडं, म्हणजे प्रोटीनचे तुकडे, मशीनच्या पाण्याबरोबर वाहून जातात ती वेगळीच.

मग पावडरचा डबा आला. आमच्या ह्यांनी गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानातून आणला, किडनीच्या पेशंटचा म्हणून. दीड महिना मी तो इमानेइतबारे घेतला. पुढच्या रिपोर्टात अल्ब्युमिन २.८. आहारतज्ज्ञांनी डबा आणायला लावला, उलटा करून मागचं बारीक छापलेलं वाचलं आणि कपाळाला हात लावला. किडनीच्या पावडरी दोन जातीच्या असतात. एक डायलिसिस नसलेल्यांसाठी, तिच्यात प्रोटीन मुद्दाम कमी. दुसरी डायलिसिसवाल्यांसाठी, तिच्यात जास्त. मी पहिली पीत होते! दुकानदाराने विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही, मी वाचलं नाही. जिममधल्या पोरांची पावडरही चालत नाही, कारण तिच्यात पोटॅशियम, फॉस्फरस किती हे बघायलाच लागतं.

डबा बदलला. तरीही आकडा ३ च्या वर हलेना. हिमोग्लोबिनचं इंजेक्शन चालू असून तेही साडेआठवर अडलेलं. तेव्हा डॉक्टरांनी सीआरपी ही रक्ताची तपासणी करायला लावली. आली ३८. "आत सूज आहे," ते म्हणाले. मी आधी पायांकडे बघितलं. ती सूज नव्हे. शरीर आतल्या आत कशाशी तरी झुंजत असलं की लिव्हर सीआरपी भराभर बनवतं आणि अल्ब्युमिनचं काम मागे टाकतं. लोह साठ्यात पडून राहतं, इंजेक्शनही नीट लागू पडत नाही. वरून कितीही पावडर ओता, आतलं दुखणं शोधल्याशिवाय आकडा चढायचा नाही.

हे घरी कळल्यावर नणंदबाई हळदीच्या गोळ्या घेऊन हजर. "सुजेवर हळदच लागते, वहिनी." डॉक्टर म्हणाले, फोडणीत घालता तेवढी खुशाल घाला, गोळ्या नकोत. हळदीत ऑक्झलेट नावाचा क्षार असतो आणि आमच्यासारख्यांना तो बाहेर टाकायला वाट नाही. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्यांचंही तेच. साधी मल्टिव्हिटॅमिनही स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, 'ए' व्हिटॅमिन अंगात साठत जातं. नणंदबाईंना हे सांगायची जबाबदारी मी ह्यांच्यावर ढकलली.

मग शोधाशोध. गळ्यातली डायलिसिसची नळी काढून वर्ष झालेलं, फिस्टुला (सुया टोचायला हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) ठणठणीत. छातीचा फोटो साफ. शेवटी टेक्निशियन मुलगा सहज बोलला, "मावशी, तुम्ही कायम उजव्या बाजूनेच का चावता?"

डावीकडची खालची दाढ. किडलेली, हिरडीतून पू. दुखायची थांबली म्हणून मी विसरून गेले होते. काढायची ती मंगळवारी ठरली, कारण डायलिसिसच्या दिवशी रक्त पातळ करायला हेपॅरिन देतात. दातांच्या डॉक्टरांनी आमच्या डॉक्टरांना फोन करून अँटिबायोटिकचा डोस ठरवला. नेहमीची पेनकिलर त्यांनी कटाक्षाने टाळली.

दोन महिन्यांनी सीआरपी ७, अल्ब्युमिन ३.५. इंजेक्शनही लागू पडायला लागलं. सगळं श्रेय दाढेला द्यायचा मला मोह होतो, पण त्याच महिन्यांत मी अंडी खायला लागले होते हेही खरं.

अंड्यांचं प्रकरण दाढेहून अवघड. सासूबाई माळकरी, निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर चालत गेलेल्या. आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नव्हतं. त्यांनीच तोड काढली: गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, आणि त्या देवघरात असताना उकडायची. रोज तीन अंड्यांचं फक्त पांढरं खाते, पिवळ्यात फॉस्फरस फार. परवा त्या दारातूनच विचारत होत्या, "पिवळ्याचं काय करतेस गं?" खालच्या मांजरीला घालते म्हटलं. तेव्हापासून मांजर आली की मला हाक मारतात.