वयाची वजाबाकी

विम्याचा अर्ज भरताना जन्मसाल निवडण्यासाठी मोबाइलच्या पडद्यावर वर्षांचे जे चक्र उघडते, ते नेहमी चालू वर्षापासूनच का सुरू होते, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. गेल्या शनिवारी दुपारी जेवण आटोपून मी असाच एक अर्ज भरायला बसलो, तेव्हा २०२५ हा आकडा ठळकपणे समोर उभा होता आणि १९७१पर्यंत पोहोचण्यासाठी मला ते चक्र अंगठ्याने लोटत न्यावे लागणार होते. पहिल्या झटक्यात ते २००१पाशी थांबले, दुसऱ्यात १९९५पाशी. तिसरा झटका जरा जोरात बसला आणि चक्र माझे साल ओलांडून थेट १९६३वर गेले. माझ्या तोंडून आपसूक निघाले, "जार्व्हिस कॉकर."

शेजारी कोणी नव्हते, हे बरेच झाले.

लोकांची वये काढण्याची ही खोड आजोबांकडून माझ्याकडे आली. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र उघडत, ते थेट निधनवार्तांच्या पानावर. हातात जांभळ्या पेन्सिलीचा बोटभर तुकडा असे. तो जिभेच्या टोकाला लावून ओला करायचा, मयताच्या वयातून स्वतःचे वय वजा करायचे आणि नावापुढे खूण करायची: गेलेला माणूस आपल्यापेक्षा मोठा असेल तर टिंब, लहान असेल तर फुली. वजाबाकी चालू असेतोवर झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर थांबलेली असे. ज्या दिवशी फुल्या जास्त भरत, त्या दिवशी ते चहात साखर घालू देत नसत. पुढे ते स्वतः गेले, तेव्हा वर्तमानपत्राने त्यांचे वय ७८ऐवजी ८७ छापले. घरातले सगळे चिडले. मला मात्र वाटले, की कुठल्यातरी गावात झोपाळ्यावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याने त्या नावापुढे अगदी निश्चिंत मनाने टिंब दिले असेल.

मला निधनवार्ता लागत नाहीत, जिवंत माणसेही पुरतात. कोणाबद्दल काहीही वाचले, की मी त्याचे जन्मसाल शोधतो, त्याने ते थोर काम कितव्या वर्षी केले ते काढतो आणि त्या वयात आपण काय करत होतो ते आठवतो. हा खेळ बहुधा हरण्यासाठीच खेळायचा असतो. त्यातही रॉक संगीतवाल्यांच्या वाटेला तर जाऊच नये, कारण पंचविशीच्या आत त्यांचे सगळे करून झालेले असते. पल्प या इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या बँडवर माझा जीव जडला, त्याला त्यांच्या गाण्यांइतकीच ही वजाबाकीही कारणीभूत आहे.

१९९५ साली मी पुण्यात एका वाड्यातल्या खोलीवर दोघा मित्रांसोबत राहत होतो. मालकांच्या कृपेने आमच्यापर्यंत पोहोचलेल्या केबलवर एका रात्री एक लांबलचक, काटकुळा, जाड चष्म्याचा माणूस दिसला. जुन्या बाजारातून उचलल्यासारखा कोट अंगात घालून तो बोटांनी हवेत काहीतरी समजावून सांगत गात होता. "आमच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांसारखा दिसतो रे हा," असे एक मित्र म्हणाला, आणि ते खरेच होते. ते पल्पचे 'कॉमन पीपल' हे गाणे होते आणि गाणारा होता जार्व्हिस कॉकर. ग्रीसहून लंडनच्या कलामहाविद्यालयात शिकायला आलेल्या एका श्रीमंत मुलीला सामान्य माणसांसारखे राहून पाहण्याची हौस येते आणि निवेदक तिला सुनावतो, की वडिलांना एक फोन केलास तर तुझा हा सगळा खेळ थांबेल, म्हणून तुला ते कधीच जमायचे नाही. टपरीवरच्या चहात गरिबीची चव शोधणारे दोन-तीन वर्गमित्र आम्हालाही होते, त्यामुळे समजावून सांगण्यासारखे त्यात काही उरले नव्हते. मी मात्र दुसऱ्याच दिवशी वाचनालयात जाऊन एका जुन्या मासिकातून त्या माणसाचे जन्मसाल शोधून काढले. १९६३. म्हणजे एकतीस वर्षांचा. मी चोवीस वर्षांचा होतो, सात वर्षे हातात होती. त्या दिवशी मी चहात दोन चमचे साखर घातली.

खरी गोष्ट नंतर कळली. हा बँड १९७८ सालचा होता. तेव्हा जार्व्हिस शेफील्डच्या सिटी स्कूलमध्ये पंधरा वर्षांचा विद्यार्थी होता आणि अर्थशास्त्राच्या तासाला व्यापारी मालाच्या भावांची यादी चाळताना कॉफीच्या एका प्रकाराचे नाव मुलांच्या नजरेस पडले, म्हणून बँडचे नाव 'अराबिकस पल्प' ठेवले गेले. पुढे कॉफी गळून पडली आणि चोथा तेवढा उरला. १९८१ साली जॉन पील हा बीबीसी रेडिओचा मोठा निवेदक शेफील्डला आलेला असताना जार्व्हिसने आपली कॅसेट त्याच्या हातात दिली आणि त्याच नोव्हेंबरात या शाळकरी पोरांचे ध्वनिमुद्रण त्याच्या कार्यक्रमात वाजलेही. पीलचे बोलावणे म्हणजे नशीब उघडल्याची खूण मानली जाई. अठराव्या वर्षी इतके पाहिलेल्या मुलाला पीलच्या कार्यक्रमात दुसऱ्यांदा वाजवायला १९९३ उजाडावे लागले. मधली बारा वर्षे हिशोबात कुठे धरायची, हे माझ्या वजाबाकीला अजून जमलेले नाही.

त्या बारा वर्षांत काय झाले, ते सांगायला फारसे काही नाही, आणि मला तेच सर्वांत जास्त आवडते. सोबतची मुले विद्यापीठात निघून गेली. मासळीबाजारातल्या गाळ्यावर काम केलेला जार्व्हिस बेकारभत्त्यावर दिवस काढत राहिला. शेफील्डचे पोलाद कारखाने एकामागोमाग बंद पडत होते, त्यामुळे भत्त्याच्या रांगेत तो एकटा नव्हता. १९८३ साली पहिली तबकडी निघाली आणि कोणाच्या लक्षातही न येता विरून गेली. १९८७ साली दुसरी निघाली, तिचेही तेच झाले. तिसरी १९८९ साली मुद्रित झाली, पण ती लोकांसमोर यायला १९९२ उजाडले. दरम्यान माणसे येत होती आणि जात होती, मात्र जी टिकली ती पक्की टिकली: रसेल सीनियर व्हायोलिन आणि गिटार घेऊन आला, कँडिडा डॉयल की-बोर्डवर आली, निक बँक्स ढोलांवर बसला. हा निक १९६६चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या गोलरक्षकाचा, गॉर्डन बँक्सचा पुतण्या, पण काकांच्या नावाचा बँडला काडीइतकाही उपयोग झाला नाही.

या काळातली मोठी घटना एकच, आणि तीही संगीतातली नव्हे. १९८५च्या नोव्हेंबरात, म्हणजे बाविसाव्या वर्षी, एका मुलीवर छाप पाडण्यासाठी जार्व्हिस वरच्या मजल्याच्या खिडकीतून बाहेर लोंबकळला. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाण्याचा स्पायडरमॅनचा पराक्रम त्याला करून दाखवायचा होता. हातातले बळ संपले आणि तो रस्त्यावर कोसळला. बरेच दिवस तो रुग्णालयात होता आणि नंतर काही काळ त्याने चाकाच्या खुर्चीत बसून कार्यक्रम केले. पुढे त्यानेच सांगितले आहे, की दूरच्या मोठमोठ्या गोष्टींऐवजी आजूबाजूच्या साध्या माणसांवर लिहावे, हे त्याला तिथे खाटेवर पडल्या-पडल्या सुचले. मी बाविसाव्या वर्षी एका लग्नात जिन्याच्या कठड्यावरून घसरलो होतो. गुडघा फुटला, पण सुचले काहीच नाही.

१९८८ साली तो चित्रपटकला शिकायला लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये गेला, ग्रीसची ती मुलगी तिथलीच. ते शिक्षण घेऊन मुकाट्याने दुसरा धंदा धरला असता, तर त्याला कोणी नाव ठेवले नसते. पण बँड चालूच राहिला आणि १९९४ साली 'हिज अँड हर्स' हा अल्बम निघाल्यावर लोक पहिल्यांदाच वळून पाहू लागले. मग लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात जार्व्हिसने तबकड्या देऊन एक छोटा कॅसिओ की-बोर्ड घेतला आणि त्यावर खेळता खेळता 'कॉमन पीपल'ची चाल त्याच्या बोटांत आली. मे १९९५मध्ये ते गाणे आले आणि ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकले, कारण पहिल्या क्रमांकावर दूरचित्रवाणीतले दोन नट एक जुने प्रेमगीत गाऊन ठाण मांडून बसले होते. पुढच्याच महिन्यात इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरीच्या मोठ्या संगीत महोत्सवात स्टोन रोझेस या बँडच्या गिटारवादकाने सायकलवरून पडून गळ्याजवळचे हाड मोडून घेतले आणि त्यांच्या जागी आयत्या वेळी पल्पला मुख्य कार्यक्रम मिळाला. स्वतःची हाडे मोडून जे दहा वर्षांत झाले नव्हते, ते दुसऱ्याच्या एका हाडाने दहा दिवसांत झाले. २४ जूनच्या त्या रात्री अंधारातला तो अफाट जमाव पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत 'कॉमन पीपल' गात होता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. 'डिफरंट क्लास' हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि १९९६ साली त्याला ब्रिटनमधला मर्क्युरी संगीत पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिट या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात मायकल जॅक्सन लहान मुलांच्या घोळक्यात स्वतःला जवळजवळ तारणहार करून गात असताना जार्व्हिस मंचावर धावत गेला आणि त्याने प्रेक्षकांकडे पार्श्वभाग करून हातवारे केले. पोलिसांनी त्याला नेले, तेव्हा वकील म्हणून सोबत गेला तो बॉब मॉर्टिमर, जो विनोदी नट होण्यापूर्वी खरोखरीच वकिली करत असे. आरोप काही ठेवला गेला नाही. वय बत्तीस. या वयात मी सोसायटीच्या सभेत एकदा उभा राहिलो होतो आणि अध्यक्षांनी पाहिल्यावर खाली बसलो होतो.

प्रसिद्धी त्याला सोसली नाही. १९९७ साली रसेल सीनियर बँड सोडून गेला आणि त्याच वर्षी, चौतिसाव्या वर्षी, जार्व्हिसने म्हाताऱ्यांना आधार द्या, तेही एकेकाळी तुमच्यासारखेच होते, अशा आशयाचे गाणे काढले. चौतिसाव्या वर्षी! आजोबांनी त्याला झोपाळ्यावर शेजारी बसवून घेतले असते. पुढचे दोन अल्बम काळवंडलेले आणि सुंदर आहेत. मग डिसेंबर २००२मध्ये रॉदरहॅमला, एका जुन्या पोलाद कारखान्याच्या अवाढव्य इमारतीत, त्यांनी त्या पर्वातला शेवटचा कार्यक्रम केला आणि सगळे आपापल्या घरी गेले. १९८० सालचा त्यांचा पहिला कार्यक्रमही रॉदरहॅमलाच झाला होता. शेफील्डहून ते गाव अगदी लागून आहे.

'डिस्को २०००' हे त्यांचे गाणे १९९५ साली मी ऐकले, तेव्हा ते मला निव्वळ नाचाचे वाटले होते. लहानपणीची मैत्रीण आठवून निवेदक म्हणतो, की आपण २००० साली भेटू, सगळे मोठे झालेले असू, कारंज्यापाशी ये. तेव्हा ते साल पाच वर्षे पुढे होते. माझ्या मोबाइलच्या चक्रावर ते आता पंचवीस घरे खाली आहे. ज्या मैत्रिणीवरून ते गाणे सुचले, ती पुढे परिचारिका झाली आणि २०१४च्या शेवटी एकावन्नाव्या वर्षी गेली. २०२३च्या मार्चमध्ये पल्पचा बास गिटारवादक स्टीव्ह मॅकी छप्पन्नाव्या वर्षी गेला. दोघेही माझ्यापेक्षा मोठे, म्हणजे आजोबांच्या रीतीने दोन्ही टिंबेच. पण मी आता चौपन्न वर्षांचा आहे आणि मॅकीच्या वयाला गाठायला मला दोनच वर्षे उरली आहेत. हे कळल्यावर चहा तसाच निवत राहिला.

उरलेल्यांनी २०२५च्या जूनमध्ये मॅकीला अर्पण केलेला नवा अल्बम काढला. चोवीस वर्षांत पहिला, आणि तो पहिल्या क्रमांकावरही गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस 'पॅचवर्क' असे खोटे नाव लावून ते ग्लास्टनबरीच्या त्याच मोठ्या मंचावर उभे राहिले, तीस वर्षांनी. जार्व्हिस एकसष्ट वर्षांचा होता. मी सात वर्षे वजा केली आणि मला बरे वाटले.

एव्हाना माझे जन्मसाल भरून झाले होते आणि अर्ज वारसाचे जन्मसाल विचारत होता. चक्र पुन्हा २०२५पासून सुरू झाले, पण या वेळी एकाच झटक्यात २००३ आले. बावीस. पदवी घेऊन वर्ष झाले, नोकरीच्या दोन मुलाखतींना ती गेली नाही, रोज रात्री नाटकाच्या तालमीवरून अकराला घरी येते आणि दुपारी दोनला जेवते. या विषयावर तिच्याशी त्या दिवशी नीट बोलायचे, असे मी आणि हिने सकाळीच ठरवले होते. ती समोरच खिडकीच्या कट्ट्यावर पाय दुमडून बसली होती आणि फोनवर कोणाशी तरी हसत बोलत होती.

फोन ठेवून ती म्हणाली, "बाबा, काहीतरी बोलायचं होतं ना तुम्हाला?"

मी मनात एकतीसमधून बावीस वजा केले.

"खिडकीत बसत जाऊ नकोस," मी म्हणालो.

"बाबा, ग्रिल आहे."